विमानाला स्की बसवताना: बंजी, पुढची केबल, मागची केबल

तुझा प्रश्न आधी इथे मांडतो, म्हणजे बाकीच्या पोरापोरींनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या सोनेगावला विमानांवर हात बसवून तू आता कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबात एका छोट्या हँगरमध्ये कामाला लागली आहेस. हिवाळा तोंडावर आहे. सेसना १७० या छोट्या विमानाची चाकं काढून साध्या स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या, चढवायच्या आहेत. स्की एक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, बसल्या, आता केबल आणि बंजीचं, म्हणजे रबरी दोराचं, काम उरलंय. खोक्यात जुन्या केबलची भेंडोळी पडली आहेत, ती कुठल्या विमानाची ते कुणालाच सांगता येत नाही. तू मुख्य दोन गोष्टी विचारल्यास. केबलची लांबी ठरवायची कशी? आणि स्कीच्या पुढच्या टोकाला बंजी असताना तिथेच आणखी एक केबल कशाला, ती तर कायम ढिली लोंबत असते?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की पहिल्याचं आपोआप हाती येतं.

स्की एक्सलवर मोकळी फिरते. चाकाला वरखाली असं काही नसतं, स्कीला असतं. हवेत असताना ती एक लहान पंखच असते, आणि एक्सलच्या पुढचा तिचा भाग बहुधा लांब आणि जड असतो. तिला कुणी धरलं नाही तर पुढचं टोक खाली झुकतं. एकदा ते झुकलं की समोरून येणारी हवा स्कीच्या वरच्या पृष्ठावर आदळते आणि टोक आणखी खाली दाबते. जितकं दाबलं जातं, तितका हवेचा मारा वाढतो. ही हालचाल स्वतःहून सावरत नाही. स्की उभी झाली की त्या बाजूला प्रचंड अडथळा तयार होतो. विमानाचं नाक खाली जातं, ते एका बाजूला वळतं, आणि वैमानिकाने नियंत्रणाची काठी पोटाशी ओढली तरी ते पुरेलच असं नाही. अशा अपघातांत माणसं गेलेली आहेत.

संक्रांतीला पतंगाला कन्नी बांधतात, तीच गोष्ट इथे आहे. कन्नी किती वर, किती खाली, त्यावर पतंग वारा कुठल्या कोनात घेतो ते ठरतं. तिथे चूक झाली तर पतंग फक्त गोते खातो. इथे त्या टोकाला विमान आहे.

स्कीला धरून ठेवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पुढच्या टोकापासून विमानाच्या अंगापर्यंत जाणारी बंजी. ती टोक सतत वर ओढते. मागच्या टोकापासून वर जाणारी केबल. ती मागचं टोक ठरावीक जागेच्या खाली जाऊ देत नाही, म्हणजेच पुढचं टोक फार वर उठू देत नाही. हवेत बंजी स्कीला याच मागच्या केबलच्या ताणावर टेकवून धरते. आणि तिसरी ती ढिली पुढची केबल. सगळं ठीक असताना तिला काहीच काम नसतं. बंजी तुटली की मात्र स्कीचं टोक कुठपर्यंत पडेल हे फक्त तीच ठरवते.

आणि बंजी तुटते. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे: बंजी आज ना उद्या तुटणार असं धरूनच बाकीची बांधणी करायची. ती रबराची आहे. उन्हाने, तेलाने, वयाने ती आतून मरते आणि वरून दिसत नाही. माझ्याकडे तिकडून आणलेला बंजीचा एक जुना तुकडा आहे, तो मी इथल्या मुलांना कापून दाखवतो. वरचं विणलेलं सुती कवच धड, रंगही फार उडालेला नाही. कवच उकललं की आत रबराच्या बारीक दोऱ्यांचा जुडगा दिसतो, त्यातल्या कितीतरी तुटून सुटलेल्या, काही बोटाने चिमटल्या तर भुकटी होणाऱ्या. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या रबराचं काय होतं ते तू पाहिलंयस. तिकडे वेगळा त्रास असतो. उणे ३० अंशांत रबर कडक होतं, ताणून सोडलं तर सावकाश मागे येतं. गरम हँगरमध्ये झकास वाटलेली बंजी बाहेर तासभर उभी राहिली की दुसरीच वस्तू होते. म्हणून ताण आत मोजलास तरी विमान बाहेर गारठल्यावर पुन्हा मोज.

विमानासाठीच्या बंजीच्या कवचात रंगीत धागे विणलेले असतात, त्यांवरून ती कुठल्या वर्षी आणि वर्षाच्या कुठल्या तिमाहीत बनली ते कळतं. खोक्यातली बंजी उचलण्याआधी ते धागे शोध. धागे नसतील किंवा त्यांचा अर्थ लागत नसेल, तर ती विमानावर जाणार नाही, एवढं सरळ ठेव. काही स्की उत्पादक आता बंजीऐवजी स्टीलच्या स्प्रिंगची जोडणी देतात. तुमच्या स्कीसाठी आणि विमानासाठी मंजूर संच मिळत असेल तर मालकाला खर्च करायला लाव. मी स्वतः स्प्रिंगच्या बाजूचा आहे. पण स्प्रिंग आली म्हणून पुढची केबल काढायची नाही. स्प्रिंगही तुटते.

आता कोन. अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, ४३.१३-२बी हे परिपत्रक आहे, त्यात स्कीवर एक अख्खं प्रकरण आहे. कॅनडातही दुकानादुकानांत ते उघडून ठेवलेलं दिसेल. स्कीच्या किंवा विमानाच्या उत्पादकाने स्वतःचे आकडे दिले असतील तर तेच पाळायचे. दिले नसतील तेव्हा या परिपत्रकाचा आधार. त्यातलं मूळ असं: विमान उड्डाणाच्या आडव्या स्थितीत सपाट करून, पायांवरचं, म्हणजे लँडिंग गिअरवरचं, वजन काढून घ्यायचं. मग मागची केबल अशी ठेवायची की मुख्य स्की ० ते +५ अंशांत राहील, म्हणजे पुढचं टोक किंचित वर. पुढची केबल अशी की बंजी नसताना टोक उणे २० ते उणे ३५ अंशांच्या खाली पडणार नाही.

हे आकडे पाठ करून भागत नाही, ते तिथेच का आहेत हे समजायला हवं. आधी ० ते +५ चं बघू. चढताना विमानाचं अंग वाऱ्याशी चांगला कोन करून असतं, तेव्हा स्की सुखात असते, हवा खालून लागते. खरी परीक्षा वेगात खाली उतरताना. अंग वाऱ्याशी जवळजवळ समांतर होतं, त्यात एखादा हवेचा धक्का बसला किंवा वैमानिकाने काठी पुढे ढकलली, तर वारा स्कीच्या वरच्या बाजूला येऊ लागतो. तू स्की शून्याच्याही खाली ठेवलीस तर या क्षणी बंजीला एकटीने सगळा दाब पेलावा लागेल. उलट +५ च्या वर नेलीस तर उड्डाणभर विनाकारण ओढ वाढते आणि उतरताना स्कीचं शेपूट आधी आपटतं. मी साधारण मध्यावर, +३ च्या आसपास ठेवतो.

पुढच्या केबलचं गणित जमिनीवरून सुरू होतं. तुझं विमान शेपटीवर बसणारं आहे. बर्फावर तिन्ही टेकू खाली असताना अंगाचं नाक १० ते १२ अंश वर असतं आणि स्की बर्फावर सपाट पडलेली असते. म्हणजे अंगाच्या हिशेबाने स्कीचं टोक त्या वेळी तेवढेच अंश खाली आहे. त्यात विमान एखाद्या खळग्यात शिरलं की टोक आणखी खाली जायला हवं. पुढची केबल आखूड असेल तर ते जाऊ शकत नाही, विमानाचं वजन केबलवर आणि तिथून ती जिथे अडकवली आहे त्या पत्र्यावरच्या फिटिंगवर येतं, आणि फिटिंग रिबिटांसकट उपटून निघतं. मग वाटतं, चला, सैल ठेवू. सैल ठेवलीस तर बंजी तुटल्यावर स्की इतकी खाली लोंबेल की केबल असून नसल्यासारखी. उणे २० ते उणे ३५ ही जागा या दोन संकटांच्या मधली आहे. तुझ्यासारख्या विमानाला मी उणे २० च्या बाजूला झुकतो, पण आधी ते तिन्ही टेकूंवर उभं असताना प्रत्यक्ष कोन मोजतो आणि वर ८-१० अंशांची मोकळीक शिल्लक आहे की नाही ते बघतो.

आता खोक्यातल्या केबलचं उत्तर तुला मिळालंच असेल. लांबी ही केबलची नसते, या विमानाची असते. फिटिंग चार बोटं पुढे-मागे असलं तरी कोन बदलतो. इतकंच काय, डाव्या बाजूची लांबी मोजून उजवीकडे तीच कापायची नाही. सत्तर वर्षांचं विमान, कधीतरी एका पायाची दुरुस्ती झालेली असणार, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात. दोन्हीकडे वेगळं मोज.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. पोट्टे बहुतेक वेळा बंजी आधी लावतात, कारण ती लावली की स्की जागेवर उभी राहते आणि काम झाल्यासारखं दिसतं. बंजी सगळ्यात शेवटी. विमान जॅकवर घे. उत्पादकाने सपाटी तपासायला जी जागा सांगितली आहे तिथेच डिजिटल कोनमापक ठेवून शेपूट उचल आणि घोड्यावर, म्हणजे उंच स्टँडवर, टेकव. ते वाचन शून्य धर. मग कोनमापक स्कीच्या तळाच्या सपाट भागाला लाव. वरची बाजू बाकदार असते, तिथलं वाचन फसवतं. स्कीखाली लाकडाचा ठोकळा देऊन ती +३ वर थांबव आणि मागची केबल त्या लांबीची बनव. ठोकळा काढून टोक हाताने खाली सोड, उणे २० ते २५ वर थांबव, पुढची केबल त्या लांबीची बनव. दोन्ही केबल बसल्यावर, बंजी नसताना, स्की हाताने पूर्ण वर आणि पूर्ण खाली फिरवून बघ. या फेरीत स्कीचं टोक, केबल, शॅकल (केबल फिटिंगला जोडणारी कडी), काहीही पंख्याच्या फिरण्याच्या वर्तुळाजवळ जाता कामा नये. मागचं टोक अंगाला किंवा पंखाच्या आधारदांडीला लागता कामा नये. हे सगळं जमलं की मगच बंजी.

ताण किती? स्कीच्या पुढच्या टोकाला ताणकाटा अडकवून सरळ खाली ओढ. मागची केबल जेमतेम ढिली पडते त्या क्षणीचं वाचन घे. लहान विमानांच्या छोट्या स्कींना साधारण २० ते ४० पौंड, म्हणजे ९ ते १८ किलो, आणि मोठ्या स्कींना ४० ते ६० पौंड, म्हणजे १८ ते २७ किलो, असा अंदाज परिपत्रकात आहे. ही सुरुवात आहे, शेवट उड्डाण करून ठरतो, कारण बंजी कुठल्या कोनातून येते त्यावर तिची खरी पकड बदलते. तुझा वरिष्ठ ‘ताठ वाटेपर्यंत बांध’ म्हणतो, त्याचा हात कदाचित सरावलेला असेल, पण तुझा अजून नाही. काटा वापर आणि आकडा वहीत लिही. पुढच्या महिन्यात तोच आकडा घसरलेला दिसला की बंजी थकते आहे हे तुला तुटण्याआधी कळेल.

तुझ्या १७० चे पाय स्टीलच्या पट्टीचे आहेत, ही एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. जॅकवर पाय आत आणि खाली लोंबतात, वजन आलं की बाहेर फाकतात. फिटिंगपासून स्कीच्या टोकापर्यंतचं अंतर त्याबरोबर बदलतं. कोन जॅकवरच ठरवायचे, कारण हवेत पाय तसेच असतात. पण विमान खाली उतरवल्यावर, स्कीखाली ग्रीस लावलेला पत्रा ठेवून पाय मोकळे फाकू दे, आणि मग चारही केबल चाचपून बघ. एखादी ताठ झाली असेल तर जोरात उतरताना ती नक्की भार घेणार. पायपच्या सांगाड्याच्या कापडी विमानात पायांची चाल वेगळी असते, पण ही तपासणी तिथेही टाळायची नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते: केबल आणि बंजी विमानाच्या अंगाला जिथे लागतात त्या जागा. पुढची केबल आणि बंजी एकाच फिटिंगला कधीच लावायची नाही, ना अंगाकडे, ना स्कीकडे. एकाच बोल्टवर दोन्ही असतील आणि तो बोल्ट गेला, तर राखीव म्हणून ठेवलेली केबलही त्याच क्षणी गेली. एक शॅकल वाचवायला लोक असं करतात. तू केलंस तर बाकीचं अंशाअंशाने मोजलेलं सगळं पाण्यात. फिटिंगच्या मागे आतून दुप्पट पत्रा आहे का, तो आडव्या चौकटीला किंवा लांबीच्या पट्टीला बांधलाय का, हे गालिचा उचलून, टॉर्च मारून बघ. रिबिटांभोवती काळपट धुरकट ओघळ दिसले तर ती रिबिट हलते आहे. बोल्टचं भोक लांबट झालंय का ते बोल्ट काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून दरवर्षी काढायचा. जिथे जोड फिरतो तिथे खाचेचा नट आणि स्प्लिट पिन. नायलॉनचा लॉकनट फिरत्या जोडावर नको.

केबल स्वतः बनवणार असशील तर ⅛ इंची, ७ × १९ विणीची (१९ तारांचे ७ पेड) विमानाची केबल घे. गॅल्व्हनाइज्ड असेल तर तिची तुटण्याची ताकद २,००० पौंड, स्टेनलेस असेल तर १,७६० पौंड. स्टेनलेसवर साधा तांब्याचा स्लीव्ह, म्हणजे केबलचा फास दाबून धरणारी नळी, चालवायचा नाही, जस्ताचा मुलामा दिलेला लागतो. थिंबल, म्हणजे फासाच्या आतली खोबणीची कडी, घट्ट बसव, स्लीव्ह दाबताना पहिला दाब मधोमध, मग थिंबलच्या बाजूचा, मग तिसरा. प्रत्येक दाब गेजमध्ये जातो का बघ. नाही गेला तर तो फेकून नवा स्लीव्ह. पुन्हा दाबून ‘बसवायचा’ नाही. आणि केबलचं टोक स्लीव्हच्या बाहेर थोडं दिसलं पाहिजे, म्हणजे नंतर कुणीही लांबून सांगू शकेल की ती आत सरकलेली नाही.

ही सगळी काळजी कशासाठी ते एकदा मी डोळ्यांनी पाहिलंय. उत्तरेकडच्या एका गोठलेल्या तळ्यावर एक विमान उतरायला आलं, त्याची डावी स्की टोक खाली करून लोंबत होती. वैमानिक जाणता होता. त्याने वेग कमी केला, मोठी वळणं टाळली, आणि अगदी उतरण्याआधी नाक वर घेऊन वेग इतका खाली आणला की हवेचा दाब सुटून स्कीचं टोक बरंचसं वर आलं. स्की बर्फाला टेकली आणि सपाट झाली. नंतर मी खाली वाकून बघितलं. बंजीच्या टोकाला थिंबलवर वळवून दोऱ्याची जी गुंडाळी असते ती सुटली होती, बंजी स्वतः शाबूत होती. पुढची केबल धडधाकट. तिच्या शॅकलने फिटिंगच्या रंगावर अर्धचंद्राकार, चकचकीत ओरखडा उठवला होता, इतक्या जोराने ती ताणली गेली होती. तिचं फिटिंग बंजीच्या फिटिंगपासून वेगळं होतं. एवढ्या एका गोष्टीने तो माणूस जेवायला घरी गेला.

यातून दोन गोष्टी घे. एक, बंजीच्या टोकाची बांधणी बंजीइतकीच तपासायची. दोन, तुझ्या वैमानिकाला सांगून ठेव की स्की खाली पडली तर आधी वेग कमी करायचा. वेग वाढवला की दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

बांधणी झाल्यावर पहिलं उड्डाण वैमानिक एकट्याने, दिवसा, शांत हवेत, धावपट्टीच्या वर राहूनच करेल. आधी बर्फावर हळू फिरवून बघायचं, दोन्ही स्की सरळ धावतात का. मग हवेत वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा, प्रत्येक टप्प्यावर डावी-उजवी वळणं, थोडं तिरकं घसरवणं, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणं. दर वेळी खिडकीतून स्कीकडे नजर. टोक फडफडायला लागलं, म्हणजे ताण कमी आहे. तिथेच थांबायचं, खाली यायचं, बंजी घट्ट करायची. विमान ज्या वेगाला आणि ज्या स्थितीत उडणार आहे, त्या सगळ्या टप्प्यात स्की निश्चल राहिली पाहिजे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एक्सलवर स्कीचा बुश खुळखुळता नको आणि अडकताही नको. थंडीसाठीचं ग्रीस वापर, साधं ग्रीस तिथे मेणासारखं घट्ट होतं. दोन्ही स्की एकमेकींना समांतर आहेत का ते पुढून-मागून टेपने मोज. स्कीच्या उभ्या पायाची उंची मूळ चाकाच्या त्रिज्येच्या जवळपास असावी, नाहीतर लँडिंग गिअरवर येणारे पिळाचे भार बदलतात. चाकं काढल्यावर ब्रेकच्या नळ्यांची तोंडं बंद करायला विसरू नकोस. तुम्हाला आता ब्रेक नाहीत हे सगळ्यांच्या डोक्यात राहू दे. शेपूट बांधल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. तळाला पॉलिथिलीनची पाटी आहे म्हणालीस, ते चांगलं, बर्फ कमी चिकटतो. पण खालच्या धातूच्या पट्ट्या झिजल्या आहेत का बघ. त्या झिजल्या की नुसत्या बर्फाच्या लादीवर विमान वाऱ्याच्या मर्जीने फिरतं. स्कीच्या टोकापासून उभ्या पायापर्यंत तिरपी केबल असेल तर ती वरची कडक पपडी कापण्यासाठी आहे, तिला बाकीच्यांबरोबर मोजू नकोस. शेपटीच्या चाकाला छोटी स्की लावणार असाल तर ती पूर्ण वळवून आणि टोक पूर्ण वर करून रडरला लागत नाही ना, तेवढं बघ.

कागद मात्र काम सुरू करण्याआधी. सगळ्याच विमानांना स्की चालत नाहीत. १७० सारख्या जुन्या विमानांच्या टाइप सर्टिफिकेटच्या, म्हणजे त्या जातीच्या विमानाच्या मूळ मंजुरीच्या, माहितीपत्रकात कुठल्या स्की मंजूर आहेत त्याची यादी सापडते, नसेल तर अशा बदलाला मंजुरी देणारं पूरक प्रमाणपत्र शोधावं लागतं. स्कीच्या पाटीवर टीएसओ-सी२८ हे विमानाच्या स्कींसाठीचं अमेरिकी मानक आणि तिची भारक्षमता लिहिलेली असते, ती वाच आणि विमानाच्या वजनाशी ताडून बघ. वजन आणि समतोलाचं नवं पत्रक करायचं. अमेरिकेत मालक-वैमानिकाला चाकं आणि स्कीची अदलाबदल स्वतः करायची मुभा आहे, पण फक्त वजन-समतोलाचा नवा हिशेब लागत नसेल तेव्हाच. तुमच्याकडे पहिल्यांदाच स्की बसतायत, त्यामुळे तो प्रश्नच नाही, परवानाधारक अभियंत्याची सही लागणार.

तू शेवटी विचारलंस की आपल्या भागात कुणी हे काम केलंय का. भारतात मला संधी मिळाली नाही. पण शेजारच्या नेपाळात १९६० साली धौलागिरीच्या स्विस मोहिमेत पिलाटस पोर्टर जातीचं ‘येती’ नावाचं विमान स्कीवर ५,७०० मीटरच्या वर बर्फात उतरलं होतं. तितक्या विरळ हवेत विमानाचा खरा वेग मैदानापेक्षा बराच जास्त असतो, उतरताना स्की खडबडीत बर्फावर तेवढ्याच जोराने धावतात, आणि त्यांच्या फिटिंगवर काय भार येत असेल याचा विचार कर. स्वित्झर्लंडमध्ये हेर्मान गायगर १९५० च्या दशकात हिमनद्यांवर उतरू लागला, तेव्हापासून त्या लोकांनी ही विद्या जोपासली.

उद्या हँगरमध्ये गेलीस की आधी दोन्ही बाजूंची पुढची फिटिंग मोज. चार हवीत: दोन बंजीची, दोन केबलची. दोनच असतील तर विमान तिथेच थांबव आणि मला अंगाच्या आतल्या बाजूचे फोटो पाठव, टॉर्च तिरपी धरून, म्हणजे रिबिटांच्या सावल्या दिसतील.